सुरू झाल्यावर आत येणे पाळावे

गाण्याच्या मैफलीच्या पत्रिकेवर जिथं ‘टाळावे’ पाहिजे होतं तिथं मी ‘पाळावे’ छापलं, आणि जिथं ‘पाळावी’ पाहिजे होतं तिथं ‘टाळावी’. तीनशे प्रती. प्रूफ मीच वाचलं आणि खाली ‘बरोबर’ असं लिहून सहीपण मीच ठोकली.

हे कसं झालं ते गावाकडच्यांना मी कधी नीट सांगितलं नाही, कारण तिकडं मी ‘कोल्हापूरच्या छापखान्यातला साहेब’ आहे. आणि कोल्हापुरात सांगायची गरज नाही, कारण इथं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आता तुमच्यातलेही बरेच जण माझ्यामागून बाहेर पडलात, कुणी इचलकरंजीत मागावर, कुणी मुंबईला गिरणीत. तुमच्याही हातून असलं काहीतरी झालंच असणार. तेव्हा दहा वर्षांनी का होईना, कबूल करून टाकतो.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी मी गाव सोडलं. गडहिंग्लजच्या अलीकडं आमच्या फाट्यावर सर्व्हिस मोटार थांबायची. तिची वेळ नऊची. ती पावणेदहाला आली. मी ट्रंक वर टाकून खिडकीशी बसलो. आई-बाप सोडायला आले होते. अव्वानं डोळ्याला पदर लावला, आप्पांनी दोनदा घसा खाकरला, मी खिडकीतून हात बाहेर काढला. सगळं रीतीप्रमाणं झालं, आणि मोटार काही हलेना. ड्रायव्हर उतरून चहाला गेला. तो आला तर क्लीनर इंजिनात घालायला पाणी आणायला ओढ्यावर. अर्धा तास आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. रडून झालं होतं, बोलून झालं होतं. पुन्हा रडावं तर ते बरं दिसेना. शेवटी अव्वा म्हणाली, “बाळाप्पा, म्हशीला पाण्यावर न्यायची येळ झाली बघ. आम्ही जातो.” आणि दोघं निघून गेली. माणूस गाव सोडून जातो म्हणतात. मला गावानंच फाट्यावर आणून सोडलं आणि गाव परत गेलं. मी आपला मोटारीत.

आप्पांनी मात्र जाताजाता एक शिकवण दिली होती. “शेरात लोक करत्यात तसं करायचं. आणि काय करायचं ते कळलं न्हाय, तर आपल्या गावात करतो तसं करायचं. चुकत न्हाय.”

शेवटच्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला.

शुक्रवार पेठेतल्या छापखान्यात मी जुळारी म्हणून लागलो. म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून खणातून उचलायचे आणि लोखंडी स्टिकमध्ये उलटे जुळवायचे. मी सातवी पास, त्यामुळं गावात विद्वान. इथं आल्यावर कळलं की सातवी पास माणसाला अक्षरं सुलटीच वाचता येतात. मालकांना सगळे आबा म्हणत. भला माणूस, पण बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी मागं सरकून घ्यावं. त्यांच्या हाताखाली सहा महिन्यांत माझी भाषा बदलली. गावात मी सूर्याकडं बघून वेळ सांगायचो. इथं ‘आठची ड्यूटी’ म्हणायला लागलो. पत्रात लिहिलं, ‘आज चार प्रुफं काढली, फर्मा धुतला,’ म्हणजे छापून झालेल्या खिळ्यांच्या चौकटीवरची शाई काढली. अव्वानं ते पत्र गुरुजींकडून वाचून घेतलं आणि विचारलं, “पोराला नीट खायला घालत न्हाईत व्हय? नुसती प्रुफं?”

आता मैफलीकडं येतो.

पेठेत एक गायन मंडळ होतं. त्याचे चिटणीस तात्या मास्तर, पेन्शनीतले शिक्षक. त्यांना एकच दुःख होतं. जुन्या दिवसांत कार्यक्रम आठचा असला, तर सरदारांची बग्गी दारात दिसायची तेव्हा आठ वाजायचे. मग ते दहा असोत की अकरा. बग्ग्या गेल्या, पण लोकांची सवय तशीच राहिली. कुणी गाणं निम्मं झाल्यावर यायचं, पुढंच जाऊन बसायचं, शेजाऱ्याला ‘काय काय झालं?’ विचारायचं. गाणारा डोळे मिटून बसलेला आणि इकडं उसाच्या भावाची चर्चा. तात्या मास्तरांनी ठरवलं की आता नवं राज्य आहे, तर गाणंही घड्याळावर होईल. मिरजेकडच्या एक वयस्क गायिका, ज्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, त्यांची रविवारी सकाळी आठची मैफल ठरली. पत्रिकेच्या मागं श्रोत्यांसाठी नियम छापायचे होते.

तो कागद त्यांनी शुक्रवारी माझ्या हातात दिला आणि बाईंना आणायला रेल्वेनं मिरजेला गेले, ते शनिवारी रात्रीच परतले. आबा कोर्टाच्या तारखेला पन्हाळ्याला गेलेले. छापखान्यात मी आणि पायानं चालवायचं ट्रेडल मशीन.

तात्या मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं होतं, पण त्यांचा ट आणि त्यांचा प म्हणजे जुळे भाऊ. कुठला कोण ते वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. ‘कोल्हापूर’मधला प कुणालाही ओळखू येतो. पण पहिला नियम असा होता: ‘गायन सुरू झाल्यावर आत येणे –ाळावे.’ टाळावे की पाळावे? दोन्ही शब्द चांगले, दोन्हींना अर्थ. काय करायचं ते कळेना. मग आप्पांनी सांगितल्याप्रमाणं मी आपल्या गावात करतो तसं केलं.

आता तुम्हीच सांगा, मंडळी. आपल्या देवळात भजनाला आपण कधी जातो? पखवाजावर थाप पडली की ताटावरून उठतो, हात धुतो आणि जातो. थाप हेच बोलावणं. त्याच्या आधी जाऊन बसतो तो कोण? एक तर ज्याला घरातून हाकललंय तो, नाहीतर सुंठवड्याच्या वासानं आलेला. म्हणजे सुरू झाल्यावर आत येणे ही रीतच झाली, आणि रीत ही पाळायची असते. मी ‘पाळावे’ जुळवलं.

दुसरा नियम: ‘मैफलीत शांतता –ाळावी.’ आपल्याकडं भजन चालू असताना कुणी गप्प बसला तर वीणेकरी टाळ थांबवून विचारतो, “मेला काय रं?” म्हणजे शांतता ही वाईटच. ‘टाळावी’ जुळवलं. तिसरा: ‘तान्ह्या मुलांना सोबत आणणे –ाळावे.’ तान्ह्या पोराला देवळात न्यायचं नाही तर काय ओसरीवर कोल्ह्याला ठेवायचं? ‘पाळावे.’

वाचून बघितलं. इतकं बरं वाटलं! मनात म्हटलं, आपण उगीच शहराला घाबरत होतो. इथंही सगळं आपल्यासारखंच आहे की. त्या दिवशी मला पहिल्यांदा कोल्हापूर आपलं वाटलं, ते असं.

शनिवारी सकाळी पत्रिका घरोघर गेल्या. लोकांनी वाचल्या आणि एकानंही विचारलं नाही की हे काय. त्या वर्षी रोज नवा कायदा निघत होता, रोज नवा हुकूम. लोकांना वाटलं हाही मुंबई सरकारचाच असेल.

रविवारी पावणेआठला मी उरलेल्या पत्रिका घेऊन मंगळवार पेठेतल्या शाळेच्या हॉलवर पोचलो. आत जाजम अंथरलेलं, उदबत्ती लावलेली, आणि चिटपाखरू नाही. बाहेर मात्र दोनशे माणूस. सगळी कपडे बिपडे करून, हातात पत्रिका धरून, शिस्तीत उभी. समोरच्या हॉटेलात चहाचे कप चाललेले. आणि तान्ही पोरं! एवढी तान्ही पोरं मी एका जागी फक्त देवी टोचायच्या दिवशी बघितली होती.

आठ वाजले तसे तात्या मास्तर बाहेर आले. “मंडळी, आत चला. वेळ झाली.”

लालभडक फेटा बांधलेले एक गृहस्थ पुढं झाले. “मास्तर, तुमचीच पत्रिका हाय न्हवं? सुरू झाल्यावर आत यायचं. मग व्हा की सुरू. आम्ही तयारच हाय.”

तात्या मास्तरांनी पत्रिका घेतली. वाचली. उलटी करून पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यांना आता हॉटेलातनं पाणी आणावं. मागं आबा उभे होते. ते आदल्या दिवशी संध्याकाळीच पन्हाळ्याहून परतले होते. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरून वाचलं आणि मान वर न करता म्हणाले, “बाळ्या.”

“जी.”

“पळू नको. उभा राहा.”

मास्तरांनी लोकांना परोपरीनं सांगितलं की ही छपाईतली चूक आहे. पण छापील शब्दाचा तेव्हा फार वट होता. फेटेवाले म्हणाले, “छापलेलं खोटं आणि तोंडी खरं व्हय? मग उद्या म्हणाल तिकीट पण चुकून छापलं.” बाकीच्यांना पटलं होतं, पण पहिला जाणार कोण? दोनशे माणसांदेखत नियम मोडून पहिलं आत जायचं, म्हणजे आपण अडाणी ठरायचं. जो तो दुसऱ्याला म्हणे, “तुम्ही व्हा पुढं. आम्ही आलोच.” मी पुढं होऊन म्हणालो, “पावणं, मीच छापलंय हे. चुकलंय माझं. जावा आत.” तर फेटेवाले मला वरून खालीपर्यंत बघून म्हणाले, “तू छापलंस? मग तू तरी पाळ की.”

आणि आत बाई हटून बसलेल्या. दारातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. “लोक आल्याशिवाय मी गात न्हाय, मास्तर. भिंतीला गाणं ऐकवायला मी एवढ्या लांब आलो व्हय? साडेनऊची गाडी हाय, मी आपली परत जातो.”

‘आलो’, ‘जातो’. बाई असून. आमच्याकडच्या बायका अशा बोलतात. माझी अव्वा अशी बोलते. घाबरलेला होतो तरी माझे कान टवकारले.

बाहेर लोक गाणं सुरू झाल्याशिवाय आत येईनात, आत बाई लोक आल्याशिवाय सुरू करीनात. दोन्ही बाजू बरोबर, आणि मध्ये मी. आबांनी माझा दंड धरला. “हे बघ. ह्या सगळ्या माणसांना लाज हाय म्हणून ती अडलीत. तुला ती अडचण न्हाय. जा आत आणि बस. गाणं झालं तर उद्या कामावर ये. न्हाय झालं तर उद्याची मोटार धर आणि गावाकडं जा. मास्तरांच्या तीस वर्षांच्या मंडळाचं वाटोळं करून माझ्या छापखान्यात उभा राहायचं न्हाय.”

ट्रंक घेऊन फाट्यावर उतरणारा मी मला लख्ख दिसलो. ‘साहेब’ सहा महिन्यांत परत आले, कारण विचारलं तर काय सांगणार? आत गेलो आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, खांबाला टेकून बसलो.

“तू कोण?” बाईंनी विचारलं.

“मी श्रोता.”

“एकटाच?”

“आत्ता तरी.”

“मग एवढ्या लांब कशाला बसलास? पुढं गर्दी झालीय व्हय? ये हितं.” मी पुढं जाऊन बसलो. “गाण्यातलं कळतं काय तुला?”

खोटं बोलायचं बळ नव्हतं. “न्हाय.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “कळणारी माणसं लई मान हलवत्यात.” आणि तंबोरे लावायला सांगितले.

बाहेर खिडक्यांना माणसं लटकली. माझ्या कानावर येत होतं: “झालं काय सुरू?” “न्हाय, तंबोरा लावायलेत.” “मग हे गाणं न्हवं?” “न्हाय हो, ही तयारी.” “आता?” “आता तबला ठोकतोय.” “मग ते तरी धरायचं की न्हाय सुरू म्हणून?” एकजण म्हणाला, पत्रिकेत ‘गायन’ म्हटलंय, वादनात गेलं तर चालणार नाही. कायद्याचा कीस काढावा तर कोल्हापूरकरांनी.

मग बाईंनी पहिला सूर लावला.

मी गाण्यातला नाही, तेव्हा वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की आमच्या भजनात तीस गळे एकदम लागतात. एकच गळा, आणि तोही फक्त माझ्यासाठी, असं आयुष्यात कधी घडलं नव्हतं. दोन-तीन मिनिटं मला आबा आठवले नाहीत, मोटार आठवली नाही. इतकं शांत होतं की उदबत्तीची राख पडलेली ऐकू आली असती.

आणि मग दोनशे माणूस आत आलं.

नियमाप्रमाणं आलं. गायन सुरू झाल्यावर, तान्ही पोरं घेऊन, शांतता टाळत. चपलांचा ढीग, “जरा सरका”, “ए, पोराला घे”, आणि सूर पुरा व्हायच्या आत तीन बाजूंनी ‘वाहवा’. फेटेवाल्यांनी तर कुस्ती मारल्यासारखा मांडीवर शड्डू ठोकून “शाब्बास!” म्हटलं. बाई थांबल्या. तात्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी हात पुढं केला, कुणीतरी पत्रिका दिली. त्यांनी ती लांब धरून सावकाश वाचली.

“हे कुणी केलं?”

सगळ्या हॉलनं माझ्याकडं बघितलं. मी उभा राहिलो. आता लपवून काय करणार? पखवाज, ताट, सुंठवडा, वीणेकरी, ओसरीवरचा कोल्हा, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, “आमच्याकडं असंच करतात, बाई. मला वाटलं हितं पण असंच.”

“गाव कुठलं?”

“गडहिंग्लजच्या अलीकडं.”

बाईंनी पत्रिका मांडीखाली सारली आणि लोकांना म्हणाल्या, “पोरगं खोटं बोलत न्हाय. माझ्या पण गावची हीच रीत. खरं ते भजन. तिथं सगळीच गात्यात. उशिरा आला तरी त्याचा एक गळा वाढतो, ओरडला तरी सुरात जातो. हितं मी एकटी हाय. तुम्ही मला साथ द्यायची ती गप बसून. गप बसणं हीच तुमची साथ.”

हॉल एकदम निवला. मैफलीला वेळेवर का यायचं, गप्प का बसायचं, हे तात्या मास्तरांना तीस वर्षांत कुणाला पटवता आलं नव्हतं. बाईंनी चार वाक्यांत पटवलं. एका आईच्या कडेवरचं पोर तेवढ्यात रडायला लागलं, तशी ती शरमून उठली. बाई म्हणाल्या, “बसा, बसा. छापलंय तसं.” सगळे हसले, पोरही गप्प झालं, आणि बाईंनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

दहा वाजून गेले तरी कुणी हललं नाही. साडेनऊची गाडी गेली ती बाईंनाही कळली नसावी. एकदा मात्र एका जागेवर त्या अशा काही येऊन थांबल्या की माझ्या तोंडून जोरात “व्हय!” निघून गेलं. देवळातली सवय. दोनशे माना वळल्या. बाई गाता गाता हसल्या.

सोमवारी मी ट्रंक बांधूनच छापखान्यात गेलो. गाणं झालं होतं, पण आबांचा भरवसा कुणी द्यावा? थोड्या वेळानं तात्या मास्तर आले. मला वाटलं, आता लेखी तक्रार. ते म्हणाले, “बाई कार्तिकात पुन्हा येतो म्हणाल्यात. एकच अट घातलीय. तो गडहिंग्लजकडचा मुलगा सुरू व्हायच्या आधी पुढं येऊन बसला पाहिजे.”

आबांनी माझ्याकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. “म्हणजे ह्याला कार्तिकापर्यंत ठेवायला लागणार.”

अशी माझी नोकरी कार्तिकापर्यंत वाढली. कार्तिकात बाई म्हणाल्या, चैत्रात येतो. ती चैत्रापर्यंत वाढली. असं करत दहा वर्षं झाली. नियमही पुन्हा छापले, पण मास्तरांनी ते ‘येऊ नये’, ‘बोलू नये’ असे लिहिले आणि तोंडी दोनदा वाचून घेतले. आता मी अर्धा तास आधी जातो. लोक माझ्याकडं बघून ठरवतात की आत जायला हरकत नाही.

अव्वा विचारते, “तुझं घर आता कुठलं म्हणायचं?” अलीकडं एक गोष्ट ध्यानात आली. गावी गेलो की माणसं आनंदानं धावत येतात, “कधी आलास?” म्हणतात, आणि पाणी द्यायच्या आधी “कधी जाणार?” म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. दोन दिवसांत किती भाकरी लागणार याचा तो अंदाज असतो. कोल्हापुरात मला दोन्ही कुणी विचारत नाही. मी इथं कधी आलो ते सगळ्यांना पाठ आहे, आणि जाणार असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. गाव मला जीव लावून विचारतं आणि शहर विचारतच नाही. दोन्हींत माया आहे, पण राहायला दुसरीच बरी पडते, असं मला वाटायला लागलंय. मागं राहिलेल्यांनी राग मानू नये. बाहेर पडलेल्यांना कळेल.

गेल्या आठवड्यात जत्रेसाठी चार दिवसांची रजा मागायला आबांकडं गेलो. म्हातारे झालेत, चष्मा नाकावर घसरलेला. मला एकदम भरून आलं. म्हणालो, “आबा, खरं सांगू? आता हा छापखाना म्हणजेच माझं घर वाटायला लागलंय बघा.”

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“घर व्हय? मग रजा कशाला मागतोस? घरच्या माणसाला रविवार पण नसतो. जा, फर्मा धू.”